नळ आला, पण मोरीचं काय?



दर वर्षी जुलै उजाडला की माझ्या दवाखान्यात एक प्लंबर हमखास येतात. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांत त्यांची कामं चालतात. नळजोडणी, टाकी बसवणं, मोटारीचं फिटिंग आणि पावसाळ्यात मुख्यतः तुंबलेल्या मोऱ्या, चेंबर आणि संडासाच्या लाइनी मोकळ्या करणं. हाताखाली दोन मुलं आहेत. या खेपेला ते आले तेव्हा अंगात ताप होता, डोळे लाल होते आणि पिंढऱ्या इतक्या दुखत होत्या की जिना चढवत नव्हता. पायाला आठवडाभरापूर्वीची जखम होती. गटाराचं काम, उघडी जखम, लाल डोळे आणि पिंढऱ्यांचं दुखणं हे सगळं एकत्र दिसलं की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं लेप्टोस्पायरोसिसचं. वेळेवर आले, औषध लगेच सुरू झालं, बरे झाले.

जाताना ते म्हणाले, “डॉक्टर, पाऊस लागला की तुमचा आणि माझा सीझन एकदमच सुरू होतो बघा.”

मी हसलो, पण वाक्य डोक्यात राहिलं. त्यांच्या मोबाइलवर “मोरी तुंबली, लवकर या” असे फोन वाढतात, त्याच आठवड्यांत माझ्याकडे जुलाब, कावीळ आणि टायफॉइडचे रुग्ण वाढतात. हे असं का होतं, याचं उत्तर औषधांच्या पुस्तकापेक्षा इतिहासात जास्त चांगलं सापडतं. आणि त्या इतिहासाचा मोठा भाग आपल्याच तालुक्यांतून वाहत गेलेला आहे.

थोडं पाणी, थोडी घाण

मुरबाडहून नाणेघाट चढून गेलात तर वर सातवाहनकालीन लेण्यापाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. शहापूरजवळ माहुली किल्ल्यावरही अशी टाकी आहेत. कातळातलं पाणी, वस्तीची घाण त्यात उतरणार नाही अशी उंचावरची जागा. पाणी कुठून घ्यायचं याची समज आपल्याकडे फार जुनी आहे.

मोरीच्या पाण्याचं मात्र कोणाला फारसं कोडं पडलं नव्हतं, कारण ते थोडंच असायचं. बाईने डोक्यावरून दोन हंडे आणले तर घरात येऊन जाऊन तीस-चाळीस लिटर पाणी. त्यातलं मोरीतून बाहेर पडलेलं पाणी परसातल्या अळूला आणि केळीला पुरतं. संडास घरात नव्हताच. ही पद्धत आदर्श होती असं मी म्हणत नाही. उघड्यावरच्या विष्ठेमुळे जंत, हगवण, पटकी हे आजार गावोगाव होतेच. पण सांडपाणी साचून राहणं, गटार तुंबणं हा प्रश्न तेव्हा नव्हता. तो नळाबरोबर आला.

मुंबईने काय केलं

हेन्री कॉनीबेअर नावाच्या इंजिनिअरने १८५२ साली मुंबईच्या आरोग्यस्थितीवर एक अहवाल लिहिला. विहिरी आणि तलाव गाळाने भरलेले, गटारं उघडी, वस्ती दाट. त्याच कॉनीबेअरच्या योजनेतून १८५६ मध्ये विहार तलावाचं काम सुरू झालं आणि १८६० साली मुंबईला नळाचं पाणी मिळू लागलं. पुढे १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. तेही पुरेना, तेव्हा शहराची नजर आपल्याकडे वळली. १८९२ साली शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचं पाणी मुंबईत पोहोचलं. स्वातंत्र्यानंतर वैतरणेवरचं मोडकसागर आणि मग भातसा धरण झालं. शहापूरच्या डोंगरांवर पडलेला पाऊस मुंबईच्या नळाला येतो, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं.

यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पाणी आत आणण्याचं काम झपाट्याने झालं, पण ते बाहेर नेण्याचं काम मागे राहिलं. मुंबई सखल आहे, बराचसा भाग भराव टाकून केलेला. गटारांना उतार मिळेना. भरतीच्या वेळी समुद्रच गटारात शिरायला बघे. मैला डोक्यावरून वाहून नेण्याचं काम हलालखोर म्हणवल्या जाणाऱ्या सफाई कामगारांवर टाकलेलं होतं. विहारचं पाणी येऊन चार वर्षं झाली तेव्हा, १८६४ मध्ये, डॉ. लीथ यांना शहराच्या आरोग्यावर पुन्हा एक अहवाल लिहावा लागला. वरळीच्या लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशनकडे मैलापाणी खेचून नेण्याची व्यवस्था उभी राहायला १८८० चं दशक उजाडलं. म्हणजे नळ आणि गटार यांच्यात जवळजवळ पंचवीस वर्षांचं अंतर पडलं.

त्या काळात एक मोठी अडचण अशी होती की पटकी, म्हणजे कॉलरा, नेमका कशाने होतो हेच ठाऊक नव्हतं. बहुतेक डॉक्टर दुर्गंधीला दोष देत. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाभोवतीचे मृत्यू मोजले आणि पटकी पाण्यातून पसरते असं दाखवलं. त्यांचं लगेच कोणी ऐकलं नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याला येऊन पटकीच्या रुग्णांमध्ये आणि तिथल्या तलावाच्या पाण्यात तो जंतू दाखवला, तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं. माणसाची विष्ठा पिण्याच्या पाण्यात मिसळली की पटकी होते. आज आपण यात टायफॉइड, हगवण, कावीळ (हिपॅटायटिस ए आणि ई) आणि पोलिओही जोडतो. रस्ता सगळ्यांचा एकच.

प्लेग आणि गटारावरचा राग

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. शहर हादरलं. अधिकाऱ्यांचा पहिला संशय गेला गटारांवर. गटारांमध्ये समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडून ती धुऊन काढायला सुरुवात झाली. प्लेग थांबला नाही. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं की प्लेग पसरतो उंदरावरच्या पिसवेमुळे. गटारांत असं पाणी सोडल्याने उलट उंदीर बाहेर पडून घरांकडे गेले असावेत, असंही नंतर म्हटलं गेलं.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. गटार घाण आहे म्हणून त्यात काहीतरी जहाल ओतलं की आरोग्य सुधारतं, ही समजूत अजून गेलेली नाही. आजही मोरी तुंबली की लोक दुकानातून ॲसिडची बाटली आणतात, वरून ब्लीचिंग पावडर टाकतात आणि छोट्या बाथरूममध्ये खोकत बसतात. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. तो फुफ्फुसं भाजतो. दम्याच्या रुग्णाला तर हा वायू थेट हॉस्पिटलात पोहोचवू शकतो. तुंबलेली मोरी मोकळी होते ती अडकलेली गोष्ट बाहेर काढल्याने आणि उतार नीट केल्याने. स्प्रिंग घालणारा माणूस हे काम करतो, बाटली करत नाही.

माटुंग्याची टाकी

याच काळात मुंबईत एक महत्त्वाचा प्रयोग झाला. १८९० साली माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू झाला होता. तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला, आणि आज वडाळ्याचं कुष्ठरोग रुग्णालय त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरून यांनी १८९५-९६ च्या सुमारास बंद टाकीत मैला कुजवण्याची पद्धत वापरात आणली आणि तिला सेप्टिक टँक हे नाव दिलं. त्यानंतर अगदी थोड्याच काळात, १८९७ च्या सुमारास, माटुंग्याच्या आश्रमात अशा टाक्यांचे प्रयोग झाले आणि त्यातून निघणारा वायू साठवून इंधन म्हणून वापरला गेला. जगातल्या बायोगॅसच्या इतिहासात माटुंग्याचं नाव येतं ते यामुळे.

आज शहापूर, आसनगाव, वासिंद, मुरबाड इथे उभ्या राहिलेल्या जवळजवळ प्रत्येक इमारतीखाली आणि बंगल्यामागे तीच टाकी आहे. तिचं काम साधं आहे. मैला आत येतो, जड भाग गाळ होऊन तळाशी बसतो, तेलकट भाग वर साय धरतो आणि मधलं पाणी पुढच्या कप्प्यातून शोषखड्ड्याकडे जातं. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जंतू काम करतात आणि वायू सोडतात. त्यात मिथेन असतो, जो पेट घेतो. आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, जो माणूस मारतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. ते नितळ दिसलं तरी त्यात रोगजंतू भरपूर असतात. टाकी मैला कमी करते, पाणी निर्जंतुक करत नाही. म्हणून ते उघड्या गटारात सोडायचं नसतं. दुसरी, टाकी कायमची चालत नाही. साधारण दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो. नाही उपसला तर गाळच शोषखड्ड्यात जातो, खड्डा बंद होतो आणि मैला घरात परत येतो. नेमका पावसाळ्यात, कारण तेव्हा जमिनीत पाण्याला जागा उरलेली नसते. माझ्या प्लंबर रुग्णाचा फोन वाजतो तो याच दिवसांत.

टाकीत उतरणारा माणूस

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. पण वायूचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि माणूस उतरतो. प्रमाण खूप असेल तर दोन-चार श्वासांत शुद्ध जाते, श्वसन थांबतं. वरचा दुसरा माणूस त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. एकाच टाकीत दोन-तीन माणसं गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचता, त्या अशाच घडतात. शौर्याने वायू हटत नाही. पेटती काडी खाली धरून वायू तपासायची जुनी सवयही सोडा. मिथेनचा भडका उडू शकतो.

हे काम कोणी करायचं, हे आपल्या समाजाने जातीवर सोपवलं आणि मग त्याकडे पाठ फिरवली. त्याविरुद्ध कोकणातच मोठं काम झालं. अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आपल्याला सफाईचं काम करू द्या, अशी मागणी करून उपोषण केलं आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचं खत करणारा, कोणालाही हाताने मैला उचलावा लागणार नाही असा संडास तयार केला. तो गोपुरी संडास म्हणून ओळखला गेला. बर्वे समितीने १९५२ मध्ये सफाई कामगारांच्या स्थितीवर मुंबई सरकारला अहवाल दिला. देशाचा कायदा यायला १९९३ उजाडलं. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली.

हा कायदा फक्त नगरपालिकेला नाही. तुमच्या घरच्या टाकीत तुम्ही कोणाला उतरवलंत तर तो तुम्हालाही लागू आहे. “हजार रुपये जास्त देतो, जरा उतरून बघ” हे वाक्य कृपा करून कोणाला बोलू नका. ज्यांचा हा छोटा धंदा आहे, त्यांना नाही म्हणणं जड जातं. एक गिऱ्हाईक गेलं तर दोन पोरांची मजुरी निघत नाही. म्हणून नाही म्हणायची पाळी त्यांच्यावर आणू नका.

बादलीभर पाण्याची राखण

आता एका लहानशा वाकड्या पाइपाची गोष्ट. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने संडासाखाली इंग्रजी एस अक्षरासारखा वाकडा पाइप बसवण्याचं पेटंट घेतलं. त्या वळणात थोडं पाणी नेहमी अडकून राहतं. तेवढ्या पाण्यामुळे गटारातला वायू, झुरळं आणि जंतू घरात येत नाहीत. याला ट्रॅप म्हणतात. बाथरूमच्या जमिनीतल्या ट्रॅपला भारतभरचे इंजिनिअर “नहाणी ट्रॅप” म्हणतात. ते नाव आपल्या न्हाणीवरून आलं आहे. दिल्लीच्या हार्डवेअरच्या दुकानातही तो याच नावाने मिळतो.

हा ट्रॅप किती कामाचा आहे हे जगाला २००३ साली कळलं. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ आली आणि तीनशेहून जास्त लोकांना लागण झाली. तपासात आढळलं की अनेक बाथरूममधल्या जमिनीच्या ट्रॅपमध्ये पाणीच नव्हतं. लोक फरशी पुसत, धूत नसत, त्यामुळे ट्रॅप सुकले. एक्झॉस्ट पंखा लावला की रिकाम्या ट्रॅपमधून मैल्याच्या पाइपातली दूषित हवा घरात ओढली जाई. म्हणून बंद ठेवलेल्या खोलीच्या किंवा गावाकडच्या घराच्या बाथरूममधून घाण वास येत असेल तर फिनाइल ओतण्याआधी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. बऱ्याचदा तेवढंच पुरतं. वास गेला नाही तर प्लंबरला बोलवा. ट्रॅप बसवलेलाच नसेल किंवा व्हेंट पाइप बंद असेल.

नळ जेव्हा गटार पितो

आता तुमच्या नळाच्या पाण्याकडे येऊ. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचा प्रवाह बदलला आणि नाल्याचं पाणी शहराच्या पाणी उपसा केंद्रात शिरलं. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो हिपॅटायटिस ई होता, हे कित्येक वर्षांनी कळलं. आपल्याकडे २०१२ साली इचलकरंजीत याच विषाणूची मोठी साथ आली. सर्वसाधारण माणूस या काविळीतून बरा होतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर दर चार-पाच बायकांपैकी एक दगावू शकते. म्हणून गरोदर बाईला कावीळ झाली की घरगुती उपचार आणि माळ घालण्यात एक दिवसही घालवायचा नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

साथ येण्यासाठी नदीचा प्रवाहच बदलावा लागतो असं नाही. आपल्याकडे पाणी दिवसातून तासभर किंवा एक दिवसाआड सुटतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आत पोकळी तयार होते. पाइप गटारातून किंवा गटाराशेजारून गेलेला असेल आणि एखादा जोड गळत असेल, तर पाणी असताना जिथून थेंब बाहेर पडतो, तिथूनच पाणी गेल्यावर गटाराचं पाणी आत ओढलं जातं. वर कोणी थेट लाइनीला मोटार लावली तर ही ओढ आणखी वाढते. मोटार तुमची, पण कावीळ शेजाऱ्याच्या लेकीला होऊ शकते. पाणी सुटल्यावरचं पहिलं गढूळ किंवा वास येणारं पाणी याचीच खूण असते.

आज आपण कुठे आहोत

शहापूरची व्यथा जुनी आहे. धरणं इथे, आणि उन्हाळ्यात कसाऱ्याकडच्या पाड्यांवर टँकरची वाट बघणाऱ्या बायकाही इथेच. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात नळाने द्यायचं हे त्याचं उद्दिष्ट. हे पाणी मिळायलाच हवं, ते आपल्या हक्काचं आहे. पण एक साधा हिशोब करून बघा. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर पाणी आलं तर त्यातलं साधारण ८० टक्के, म्हणजे २२० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडतं. शंभर घरांच्या पाड्यातून रोज २२ हजार लिटर. टँकरच्या भाषेत रोज दोन मोठे टँकर भरून घाण पाणी. दारातली केळ आणि अळू एवढं पाणी पिऊ शकत नाहीत.

मुंबईने १८६० मध्ये केलेली चूक आपल्या दारात उभी आहे. तेव्हा निदान अज्ञान होतं. आज पटकीचा जंतू माहीत आहे, काविळीचा विषाणू माहीत आहे, तरी नळ आधी आणि मोरी नंतर हाच क्रम चालला आहे. शिवाय आपली जमीन काळ्या कातळाची. काही ठिकाणी शोषखड्डा पाणी पीतच नाही, तर काही ठिकाणी कातळाच्या भेगांतून ते थेट विहिरीपर्यंत पोहोचतं. आणि उपसलेला गाळ रात्री ओढ्यात सोडून दिला तर तो काळू नाहीतर भातसा नदीत जातो. खालच्या गावाची विहीर त्याच काठावर असते.

हे बदलता येतं. डॉ. मापुसकर हे तरुण डॉक्टर १९५९ साली देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जुलाब-जंतांची औषधं देऊन देऊन थकण्याऐवजी त्यांनी गावात संडास बांधायला घेतले, पुढे मैल्यापासून बायोगॅसपर्यंत मजल मारली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. स्टेथोस्कोप बाजूला ठेवून खड्डे मोजणारा हा डॉक्टर माझ्यासारख्यांना नेहमी थोडं लाजवतो.

तुम्ही काय करू शकता

१. संडासाचा खड्डा किंवा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर (५० फूट) दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला ठेवा. कातळात भेगा असतील तर अंतर आणखी वाढवा.

२. सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला ते झाकणाजवळच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. पुढचा उपसा मे महिन्याच्या आत, सक्शनच्या गाडीनेच करा. गाडी मैला कुठे नेऊन टाकणार ते विचारा.

३. टाकीत कोणालाही उतरू देऊ नका. कोणी पडलंच तर स्वतः उतरू नका. बाकीच्यांना दूर करा, १०१ आणि १०८ ला फोन करा.

४. नळाचा पाइप गटारातून जात असेल तर तो वर उचलून घ्या. गळका जोड दोरी-प्लास्टिक गुंडाळून सोडू नका. मोटार थेट लाइनीला लावू नका. जमिनीवरच्या टाकीत पाणी घ्या आणि तिथून चढवा.

५. पावसाळ्यात पाणी उकळून प्या किंवा आरोग्यसेवक देतात ते मेडिक्लोर वापरा. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. टाकल्यावर तासभर थांबायचं.

६. मोरीचं पाणी दारात साचू देऊ नका. झाकलेला शोषखड्डा घ्या. नांदेड जिल्ह्यात घरोघरी असे खड्डे करून गावांनी गटारं आणि डास दोन्ही कमी केले आहेत.

आणि जे हा धंदा करतात त्यांच्यासाठी: गमबूट आणि रबरी हातमोजे ही चैन नाही, हत्यारं आहेत. पायाला जखम असेल तर त्या दिवशी गटाराचं काम नको. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घ्या. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लशींबद्दल डॉक्टरांशी बोला. पावसाळ्यात सतत गटाराच्या पाण्यात काम असेल तर लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक गोळी मिळते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. काम केल्यावर पंधरा-वीस दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा, “मी गटारात काम करतो.” एवढ्या एका वाक्याने निदान दोन दिवस लवकर होतं, आणि लेप्टोमध्ये ते दोन दिवस मूत्रपिंडं वाचवतात.

आमचे प्लंबर परवा पुन्हा आले होते, या वेळी माझ्याच दवाखान्याची बेसिनची लाइन बघायला. काम झाल्यावर पैसे विचारले तर संकोचले. मी पूर्ण मजुरी दिली. तुम्हीही द्या. औषधाच्या दुकानात आपण घासाघीस करत नाही. मोरी मोकळी करणाऱ्याशी करतो. वास्तविक तो माणूस नीट काम करतो तेव्हा माझ्याकडे येणारे कितीतरी रुग्ण कमी होतात.

काळजी घ्या. पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा चेंबरचं झाकण उघडून बघा.